कापसाच्या काट्यावर

आमच्या दारातल्या कडुलिंबाला एक आडवी फांदी होती आणि वेचणीच्या दिवसांत तिला कापसाचा काटा टांगलेला असायचा. पितळी तोंड, वर कडी, खाली हूक. वेचणीच्या बाया उन्हं कलताना आपापली गाठोडी घेऊन यायच्या, आण्णा एकेक गाठोडं हुकाला अडकवायचे, आतली स्प्रिंग कुरकुरायची आणि आण्णा मोठ्यानं वजन सांगायचे. सांगताना दरवेळी म्हणायचे, ‘‘झोळी वजा.’’ कापूस ज्या कापडात बांधला त्या कापडाचं वजन कापसात धरायचं नाही, हा त्यांचा नेम. सकाळच्या दवात वेचलेला कापूस असला तर ते मुठीत दाबून बघायचे आणि तो उन्हात पसरायला लावायचे. ओल्या कापसाचं वजन भरतं, पण ते कापसाचं नसतं. वेचणी सरली की काटा पुसून, तेल लावून, जुन्या घोंगडीत गुंडाळून वर्षभरासाठी वर ठेवला जायचा. मला दहावं लागलं त्या साली मात्र तो वर गेलाच नाही. पुढची तीन-साडेतीन वर्षं तो मला तोलत होता, रोज सकाळी, दात घासून झाले की लगेच.

आमचं घर धनगराचं. माझ्या जन्माच्या आधी मोठा कळप होता म्हणतात, मला आठवतात ती तीस-पस्तीस मेंढरं आणि चार एकर कापूस. हसनाबादपासून पायी तासाभरावर आमची वस्ती. सकाळी ऐकू यायचं ते मेंढरांचं ओरडणं, मायच्या भाकरी थापण्याचा आवाज आणि आण्णांचं खाकरणं. माय बोलायला तिखट आणि रांधायला सुगरण. तिच्या हातचा ठेचा खायला शेजारच्या बाया भाकरी घेऊन यायच्या, हे मी कौतुकानं नाही, रागानं सांगतेय, कारण त्या ठेच्याला मी पुढं तीन वर्षं मुकले.

त्या पावसाळ्यानंतर माझी गयाआत्या, आण्णांची बहीण, तीर्थपुरीहून आली. आत्याचा मुक्काम म्हणजे शेंगदाण्याचे लाडू, आणि येताक्षणी हनुवटी धरून माझी आणि धाकट्या दोघांची पारख. तिनं माझी हनुवटी धरली आणि खूश झाली. ‘‘वहिनी, मनी कशी भरली गं. मागं आल्ते तवा नुसती काडी होती.’’ मायला आभाळ ठेंगणं झालं. मी लहानपणापासून किडकिडीत, आणि किडकिडीत लेकराच्या आईला गाव काय काय ऐकवतं ते मी आता रोज बघते. सकाळी डोळे सुजल्यासारखे दिसायचे, चपलेचे पट्टे पायात रुतायचे, पण मायला त्यात तब्येतच दिसत होती. तिनं मीठ-मोहरी ओवाळून माझी दृष्ट काढली. आत्यानं माझ्या हातात तिसरा लाडू दिला.

आण्णा मेंढरं कोंडून आले आणि हे सगळं उभ्यानं बघत राहिले. मेंढराची पारख नजरेनं होत नाही. लोकर दाट असते, आत ते भरलंय का सुकलंय हे पाठीच्या कण्यावर हात दाबल्याशिवाय कळत नाही. आण्णांचा नजरेवर विश्वासच नव्हता. ते माझ्यासमोर उकिडवे बसले, माझ्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. तिथं खड्डा पडला आणि तसाच राहिला. ‘‘हे वजन पोरीचं न्हाई,’’ ते म्हणाले. ‘‘हे पाणी हाय. मेंढराच्या जबड्याखाली असंच उतरतंय.’’ आत्या म्हणाली, ‘‘दादा, लेकराला मेंढराच्या बराबर करून राह्यला का तू?’’ सकाळच्या पहिल्या एसटीनं ते आणि माय मला घेऊन जालन्याला गेले.

किडनीचा आजार निघाला. शरीरातलं सत्त्व लघवीवाटे निघून जातं आणि अंगात पाणी साचतं, असं डॉक्टरीणबाईंनी मायला समजावलं. बाई लहान मुलांच्या डॉक्टर, बुटक्या, आवाज खणखणीत. आजार बरा होण्यासारखा आहे, पण पुन्हा पुन्हा उलटतो, त्याच्यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवावी लागेल, आणि ती नजर म्हणजे वजन. रोज सकाळी, एकाच वेळी, एकाच काट्यावर. दोन-तीन दिवसांत वजन भराभर चढलं तर ते पाणी, धावत या. मायनं विचारलं, काटा कुठून आणायचा. आण्णा म्हणाले, ‘‘हाय की आपल्याकडं. कापसाचा.’’ बाई हसल्या नाहीत. हूक पक्का आहे का, एवढंच त्यांनी विचारलं.

गोळ्या सुरू झाल्या आणि दहा-बारा दिवसांत पाणी उतरलं. सत्तावीसवरून मी एकवीसवर आले. डॉक्टरीणबाई खूश, माय रडकुंडीला. तिच्या लेखी पोरगी भरली होती आणि दवाखान्यानं ती सुकवून परत दिली. आणि मग आली भूक. त्या गोळ्यांनी लागणारी भूक ज्यानं सोसली नाही त्याला ती सांगून कळायची नाही. दोन भाकरी खाऊन उठले की चुलीकडं बघायचे. शाळेत खिचडीच्या वासावर माझं गणित चुकायचं. एकदा मेंढरांना आणलेली सरकीची पेंड मी तोंडात घालून बघितली, आणि खरं सांगते, थोडी आवडली. मायला ही भूक म्हणजे देणगी वाटली. ती वाढत गेली, मी खात गेले, आणि चार-पाच महिन्यांत काटा एकतीसवर गेला. नडगी दाबली तर खड्डा पडत नव्हता. आता हे पाणी नव्हतं, हे माझंच होतं. तोंड वाटोळं झालं, गाल इतके वर आले की हसले की डोळे मिटायचे. शाळेत माझं नाव ‘गॅसटाकी’ पडलं.

पुढच्या खेपेला मायनं बाईंना विचारलं, ‘‘हिला वाळवायचं काही औषध हाय का?’’ बाईंनी पेन खाली ठेवलं. ‘‘हिला वाळवायचं नाही. उपाशी तर बिलकुल ठेवायचं नाही, हाडं वाढायचं वय आहे. वजन फक्त पळू द्यायचं नाही. उंची मागून येतीय, तिला गाठू द्या.’’ मग त्यांनी मायला घरात काय काय शिजतं ते विचारलं. कागदावर छापलेला आहार त्यांनी बाजूला सारला आणि मायच्या तोंडून आलेल्या नावांतूनच माझं ताट लावलं. ज्वारीची भाकर हवी, पण दीडच. वरण घट्ट. मटकी, मेथी, शेपू, काकडी हवी तेवढी. लाडू सणाला. तळण बंद. मीठ जवळपास नाहीच, पापड-लोणचं तर नावालाही नाही. रोज चालणं. आणि शेवटची गोष्ट त्यांनी आण्णांकडं बघून सांगितली. ‘‘घरात दोन तऱ्हेचं रांधू नका. पोरीला एकटीला अळणी दिलं की ती चोरून खाईल. सगळ्यांनी तेच खा.’’

घरी आल्यावर आण्णांनी मेंढरांच्या पाठीवर खूण करायचा लाल रंग काढला, मला दाराच्या खांबाला उभं केलं आणि माझ्या डोक्याच्या उंचीवर एक रेघ ओढली. काट्याच्या वहीत वजन, खांबावर उंची. शाळेच्या आधी मी त्यांच्याबरोबर मेंढरांमागं माळापर्यंत जायला लागले. सुरुवातीला मला धाप लागायची, तेव्हा आण्णा उगाच एखाद्या मेंढराचा पाय बघायला थांबायचे. त्या मेंढरांच्या पायांना एवढं काय होतं ते मला फार उशिरा कळलं.

मायनं मिठाची बरणी फळीवरून उचलून कणगीमागं टाकली. मीठ नाही तर नाही, पण चव सोडायला ती तयार नव्हती. लसूण चुलीत भाजून, जिरं खरपूस करून, लिंबू पिळून, कोथिंबीर पाट्यावर वाटून ती रोज काहीतरी जमवायची. पहिले पंधरा दिवस ते जेवण मातीसारखं लागायचं. आण्णांनी तर चोरीच केली. त्यांच्या बंडीच्या खिशात मिठाची पुडी सापडली, ते रानात भाकरीवर भुरभुरून खायचे. मायनं ती पुडी त्यांच्यासमोर उकिरड्यावर उधळली. माय स्वतः काय खाते हे कुणी बघत नव्हतं. ती सगळ्यांत शेवटी जेवायची आणि तेव्हा आम्ही अंगणात असायचो.

वजन एकतीसच्या आसपास थांबलं. गोळ्या आता दिवसाआड झाल्या होत्या. सगळं बरं चाललं होतं, आणि मग शाळेत संमेलन आलं. आमच्या वर्गाचं गाणं बसलं होतं, मी पहिल्या रांगेत होते, कारण मला पावलं चटकन यायची. लुगडी-झंपर मापाला आणले. माझ्या मापाचा झंपर त्यांत नव्हता. नाच बसवणाऱ्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, ‘‘मनीषा, तू मागं उभी राहून टाळ्या वाजव, त्यालाही महत्त्व असतं.’’ दहा-अकरा वर्षांच्या पोरीला कशाला महत्त्व असतं ते बरोबर कळतं. घरी येताना मी ठरवलं. आधी गोळी, मग भूक, मग गॅसटाकी. म्हणजे गोळीच नको.

गोळी मिळायची काट्यावरून उतरल्यावर, तिथंच कडुलिंबाखाली. माय दुधाचा पेला द्यायची आणि घेतली का ते बघायची. मी गोळ्या गालात दाबायचे, दूध प्यायचे, माय वळली की त्या थुंकून कडुलिंबाच्या बुंध्यातल्या ढोलीत सारायचे. हे मी कुणाला सांगितलं नाही. पहिल्या आठवड्यात भूक ओसरली आणि वजन अर्धा किलो उतरलं. मायनं ते वहीत मला दोनदा वाचायला लावलं. तिला वाचता येत नव्हतं, पण तो आकडा तिला माझ्या तोंडून ऐकायचा होता. तिला खूश बघून मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. मला झंपर दिसत होता.

मग काटा फिरला. आधी पाव किलो, मग अर्धा. मी घाबरले. माझं जेवण जास्त होतंय असं समजून मी भाकरी ओच्यात घेऊन कुत्र्याला टाकायला लागले. तरी वजन चढलं. चार दिवसांत दोन किलो, आणि पोटात जवळजवळ काहीच नाही. अंगात त्राण नव्हतं, माळावर जायचे नाही, डोकं दुखतं म्हणायचे. न खाता माणूस फुगतं कसं, हे मला कळेना. मी वहीत वजन कमी लिहिलं. आण्णा तेव्हा सोयरिकीच्या कामाला परगावी गेले होते, काटा बघत होती माय, आणि मी सांगेन ते तिला खरं होतं. तिच्या विश्वासावर मी तीन सकाळी खोटं बोलले. माझ्या आयुष्यात याहून मोठं खोटं मी बोललेले नाही.

चौथ्या दिवशी आण्णा आले. मला झोळीत बसवलं, काटा बघितला, वही बघितली, पुन्हा काटा बघितला. मग मला उतरवून ते उकिडवे बसले आणि नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला. आम्ही दोघं त्या खड्ड्याकडं बघत राहिलो. मग मी उठले, ढोलीत हात घातला आणि मूठभर गोळ्या काढून त्यांच्यासमोर धरल्या. काही विरघळल्या होत्या, काहींना मुंग्या लागल्या होत्या.

मार बसेल म्हणून मी डोळे मिटले. आण्णांनी हात उचलला नाही. त्यांनी त्या गोळ्या आपल्या तळहातावर घेतल्या. मग म्हणाले, ‘‘मेंढराला पोटात काय झालं ते सांगता येत न्हाई. म्हणून म्या हातानं चाचपून बघतो. तुला त तोंड हाय ना बाई.’’ मायला कळलं तेव्हा ती चुलीवरची भाकर टाकून धावत आली. ‘‘काहून केलं गं असं?’’ ती एवढंच विचारत होती. मी झंपराचं सांगितलं. ते सांगताना मला ते इतकं लहान वाटलं, आणि तरी इतकं रडू आलं.

मला आठवडाभर दवाखान्यात राहावं लागलं. गोळी अशी एकदम तोडली तर जिवावर बेततं, हे बाईंनी मला सांगितलं, आईबापांना नाही, मला. खुर्ची ओढून पलंगाशी बसल्या आणि मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलल्या. मग म्हणाल्या, ‘‘चूक माझीपण आहे. दर खेपेला मी तुझं वजन विचारलं. तुला शाळेत काय म्हणतात ते एकदाही विचारलं नाही.’’ मी म्हणाले, ‘‘गॅसटाकी.’’ त्या हसल्या नाहीत, पण शेजारच्या पलंगावरचं पोरगं हसलं, आणि मग मीपण हसले. ‘‘तोंडाचा हा गोलवा गोळ्यांचा आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘गोळ्या हळूहळू कमी करू, तसा तो जाईल. पण कमी मी करणार, कडुलिंब नाही.’’ त्या दिवसापासून गोळीचा डबा माझ्या हातात आला. मी स्वतः मोजून घ्यायचे, मायला जीभ काढून दाखवायचे.

आता मी हसनाबादच्या बाजूलाच एका वस्तीवर अंगणवाडी चालवते. लेकरांना झोळीत बसवून काट्याला टांगणं हे माझं रोजचं काम, त्यामुळं घरी सगळे हसतात. कुणी आई येऊन म्हणते, बाई, आमचं लेकरू कसं गुटगुटीत झालं बघा. मी म्हणते, झालं असेल, आणि आधी नडगी दाबून बघते. माझी स्वतःची मुलगी आता दहा वर्षांची आहे, काडीसारखी, आणि कुणी तिला काडी म्हटलं की मी भांडायला उठते. तिला जेवताना मी बघत नाही, जेवून झाल्यावर दिवस कसा गेला ते विचारते.

त्या दवाखान्यातून घरी आल्यानंतरच्या दोन वर्षांत आजार एकदा उलटला, पण तेव्हा पहिल्या पाऊण किलोलाच मी आण्णांना हाक मारली आणि तो तिथंच आवरला. खांबावरच्या रेघा वर वर जात होत्या. दोन रेघांत आधी दोन बोटांचं अंतर, मग चार. एका दिवाळीला गयाआत्या आली, हनुवटी धरायला तिला हात वर करावा लागला. तिनं पिशवीतून लाडू नाही, काकड्या काढल्या. ‘‘लै शिकले बाई मी,’’ ती म्हणाली. त्याच हिवाळ्यात डॉक्टरीणबाईंनी गोळ्या पूर्ण बंद केल्या, मग सहा महिने वाट बघितली, आणि एका दुपारी म्हणाल्या, ‘‘रोजचा काटा आता बास. महिन्यातून एकदा बघा. उंचीनं गाठलं वजनाला.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेवटची म्हणून झोळीत बसले. झोळी वजा करून एकोणचाळीस. मग मला खोडी सुचली. तीन वर्षं मी एकटी टांगून घेतलंय, आता घरातल्या सगळ्यांनी बसायचं. धाकटी दोघं आधी बसली. आण्णा बसले तेव्हा फांदी करकरली आणि मेंढरं बिचकली. मायला म्हटलं, ये. ‘‘म्या काय कापूस हाय का?’’ ती चुलीपुढून हलेना. मी हात धरून ओढत आणली. पदर सावरत, पाय आखडून ती झोळीत बसली, आणि स्प्रिंगचा जो कुरकुर आवाज यायला हवा होता तो नीट आलाच नाही.

काट्यावर एकोणचाळीस दिसत होतं. ‘‘बघा, लेकीएवढीच हाय,’’ माय हसून म्हणाली. आण्णांच्या तोंडून सवयीनं निघालं, ‘‘झोळी वजा.’’ अडतीस. तीन मुलांची आई, चार एकर निंदणारी, पाण्याच्या दोन-दोन घागरी वाहणारी बाई तेरा वर्षांच्या पोरीहून हलकी होती. घरात सगळ्यांनी तेच खायचं, हे दवाखान्यात मी, माय आणि आण्णा तिघांनी ऐकलं होतं. पाळलं एकट्या मायनं, आणि तेसुद्धा आमचं झाल्यावर उरेल तेवढं. आण्णांनी तिच्या मनगटाला हात लावला. सगळ्या कळपाची पाठ चाचपणारा माणूस, त्यानं हे मनगट कधी बघितलंच नव्हतं. ‘‘उतरवा आता मला, भाकर करपून राह्यली,’’ माय म्हणाली.

त्या दिवशी दुपारी ती आमच्याबरोबर जेवायला बसली, म्हणजे बसवलीच. आण्णांनी कणगीमागची मिठाची बरणी काढून फळीवर ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी माय काटा पुसायला फडकं आणि तेल घेऊन आली, घोंगडीपण काढून ठेवली होती तिनं. आण्णा म्हणाले, ‘‘राहू दे टांगलेला.’’ मी वहीचं कोरं पान काढलं, वर ‘माय’ असं लिहिलं, आणि झोळी पसरून धरली.

‘‘बस गं,’’ मी म्हणाले. ‘‘आता तुझी पाळी.’’